अपराधाची वाटणी आणि शेवटचा अंक

महत्त्वाकांक्षी पुरुषाच्या हातून जेव्हा घोर अपराध घडतो, तेव्हा तो त्याच्या एकट्याच्या हाताने क्वचितच घडलेला असतो. कुणी मसलत दिलेली असते, कुणी हुकूम लिहिलेला असतो, कुणी तो पोहोचविलेला असतो आणि कुणी तलवार उपसलेली असते. खळ्यावरची धानाची रास हिस्सेदारांत वाटली जावी तशी त्या पातकाचीही वाटणी होते, आणि प्रत्येकाच्या पदरात पडणारा हिस्सा इतका लहान असतो की, तेवढ्यासाठी आपली झोप मोडावी असे कुणालाच वाटत नाही. शोकान्त नाटकाचा शेवटचा अंक ही वाटणी रद्दबातल करतो. विखुरलेला अपराध गोळा करून तो एका माणसाच्या माथी ठेवणे, आणि हा माझाच आहे असे त्याला स्वतःच्या तोंडाने कबूल करावयास लावणे, हे त्या अंकाचे खरे कार्य होय. आणि ते साधण्यास मराठी रंगभूमीला सुमारे पाऊण शतक लागले.

आपल्या प्राचीन नाट्यपरंपरेचा कल निराळा होता. नाटकाची अखेर भरतवाक्याच्या मंगल प्रार्थनेत व्हावी, प्रेक्षक समाधानाने घरी जावा, ही तिची धारणा. ‘मृच्छकटिका’च्या दहाव्या अंकात, वसंतसेनेचा गळा आवळून त्या खुनाचा आळ निरपराध चारुदत्तावर घालणारा शकार जेव्हा लोकांच्या तावडीत सापडतो, तेव्हा चारुदत्त त्याला अभयदान देऊन सोडवितो. या क्षमेचे सौंदर्य नाकारता येणार नाही; परंतु तिच्या उदार छायेत शकाराचा अपराध विरून जातो, त्याच्या अंतःकरणात मात्र तो क्षणभरही उतरत नाही. भासाच्या ‘ऊरुभंगा’त मरणासन्न दुर्योधन सूडाच्या पलीकडे जातो खरा, पण ते नाटक विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाशात आले, त्यामुळे मराठी नाटककारांच्या पहिल्या पिढ्यांना त्याचा आधार मिळाला नाही. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ज्या पौराणिक खेळांचा पाया घातला, त्यांतील राक्षसांना मरण येई, पण पश्चात्ताप येत नसे.

हा विचार बदलू लागला तो शेक्सपिअरच्या परिचयाने. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ साली, आगरकरांचे ‘विकारविलसित’ १८८३ साली आणि देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० साली मराठीत आला. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी शतकाच्या अखेरीस ‘मॅकबेथ’वरून ‘मानाजीराव’ रचला. अपराधाच्या वाटणीचा आणि ती मोडण्याचा संपूर्ण क्रम ज्यात दिसतो असे नाटक या सर्वांत ‘मॅकबेथ’ हेच आहे. राजाचा वध करताना मॅकबेथला चेटकिणींचे भाकित पाठीशी असते, पत्नीची प्रेरणा असते, आणि रक्ताने माखलेले खंजीर निद्रिस्त पहारेकऱ्यांजवळ ठेवून संशयही दुसऱ्यांवर ढकललेला असतो. पुढे बँकोला तो मारेकऱ्यांकरवी मारवितो, आणि मृताची आकृती भोजनसमयी समोर उभी राहताच, हे मी केले असे तुला म्हणता येणार नाही, असे तिलाच बजावतो. वाटणीवरील त्याचा विश्वास येथे परमावधीस पोचला आहे.

पाचवा अंक हा विश्वास पायरीपायरीने उद्ध्वस्त करतो. थोड्याशा पाण्याने हे कृत्य धुऊन निघेल असे दुसऱ्या अंकात सांगणारी राणी आता झोपेत चालत हात चोळीत राहते, आणि तिचा डाग काही निघत नाही. स्मृतीत रुजलेले दुःख उपटून टाकणारे औषध मॅकबेथ वैद्याजवळ मागतो. वैद्य सांगतो की, या रोगावरचा उपचार रोग्याने स्वतःच करावयाचा असतो. पत्नी मरते, भाकितांचा आधार एकेक करून ढासळतो, आणि मॅकडफ समोर येतो तेव्हा, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच भारावलेला आहे म्हणून तू परत फिर, असे तो म्हणतो. मॅकडफच्या बायकामुलांना त्याने स्वहस्ते मारले नव्हते. तरी या क्षणी मारेकऱ्यांचा हिस्सा तो स्वतःकडे घेतो. त्याचा अधःपात पूर्ण झालेला असतानाच त्याच्या माणुसकीचा हा शेवटचा अंश प्रकट होतो, आणि म्हणूनच त्या क्रूरकर्म्याच्या मृत्यूने आपले मन हेलावते.

हीच समस्या महाराष्ट्राच्या इतिहासात अधिक दारुण स्वरूपात उभी होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा वध केला. त्यात राघोबादादांचा वाटा किती, आनंदीबाईंचा किती, सुमेरसिंग गारद्याचा किती, यावर तेव्हापासून वाद चालत आला आहे. ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका तर दोष एका अक्षरापर्यंत आणून ठेवते. १९०९ साली ‘भाऊबंदकी’ लिहिताना कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘मॅकबेथ’ची छाया घेतली, पण तिच्यात एक देशी सत्त्व मिसळले: न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. देहान्तावाचून या पातकास प्रायश्चित्त नाही, असा निवाडा पेशव्यांच्या तोंडावर देणाऱ्या या पुरुषाने वाटण्यांचा तो सारा गोंधळ एका वाक्याने संपविला. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना आणि सुरतेची फूट ताजी असताना हे नाटक पाहणाऱ्यांना घरभेदाचा हिशेब कुठवर जातो हे सांगण्याची गरज नव्हती.

मात्र निवाडा झाला तरी राघोबादादांनी तो स्वीकारला नाही. त्यांनी १७७५ साली सुरतेच्या तहाने साष्टी व वसई इंग्रजांस देऊ केली, सात वर्षे युद्ध चालले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली, आणि पुढील वर्षी दादांचा अंत कोपरगावी झाला. ज्या अपराधाचे ओझे अपराध्याने उचलले नाही, ते दौलतीने उचलले.

रामशास्त्र्यांचा न्याय बाहेरून येतो. तो अंतःकरणातून यावा लागतो, ही पुढची पायरी गडकऱ्यांनी गाठली. विदर्भातील सावनेरास २३ जानेवारी १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, आणि पुढच्याच महिन्यात ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला. तेथे सिंहासन नाही. एका बुद्धिमान वकिलाचा अभिमान आहे. सनद तहकूब झाल्याचा अपमान, तळिरामाने पुढे केलेला प्याला, अशी सुधाकराच्या अधःपाताची कारणे वाटून देता येतात; आणि मरणारी सिंधू तर फौजदारापुढे त्याला निर्दोष ठरवून त्याचा हिस्सा शून्यावर आणते. कायद्याने सोडलेला तो सुधाकर मग स्वतःस सोडीत नाही. १९५४ साली शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’ने ‘मॅकबेथ’ नव्याने मराठीत आणला. लेडी मॅकबेथची मराठी भूमिका आणि ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई या दोन्ही दुर्गाबाई खोट्यांनी केल्या, यावरून या दोन नाटकांचे आतले नाते मराठी नटवर्गाने ओळखले होते असे मला वाटते.

भंडारा आणि साकोली यांच्यामधील आमच्या लाखनीच्या भागात हा विचार ग्रंथांपेक्षा मांडवात अधिक जगला आहे. धान घरात आले की मंडया आणि शंकरपट भरतात, वडशाच्या नाट्यमंडळ्या गावोगाव फिरतात, आणि झाडीपट्टीचा शेतकरी रात्रभर जागून पहाटेपर्यंत नाटक पाहतो. या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देऊन शासनाने तिची योग्य दखल घेतली. जमिनीच्या वाटणीसाठी भावाविरुद्ध फिर्याद गुदरणे काय असते, हे ज्यांनी आपल्या घरात पाहिले आहे, त्या प्रेक्षकांना राघोबादादा समजावून देण्यास टीकाकार लागत नाही.

आज अपराधाची वाटणी पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे; ठराव समितीचा, शिफारस खात्याची, सही वरिष्ठांची, आणि नुकसान ज्याचे झाले त्याला कर्ता सापडत नाही. म्हणून गावोगावच्या नाट्यमंडळांस माझी विनंती आहे की, येत्या हंगामात गाणी व विनोद यांच्याबरोबरच ‘भाऊबंदकी’ आणि ‘एकच प्याला’ यांनाही मांडवात स्थान द्यावे, वेळ अपुरा पडला तर दुसऱ्या कोणत्याही प्रवेशास कात्री लावावी, पण शेवटचा अंक पूर्ण करावा. ज्या गावात माणसे आपला हिस्सा स्वतः कबूल करतात, तेथे रामशास्त्र्यांना निवाडा देण्याची वेळ येत नाही.