बिनआवाजाची गोळी

वैतरणेच्या खोऱ्यात, वाडा व मोखाडा ह्या तालुक्यांच्या रानांत, भेकर नावाचे लहान हरीण राहते. संकट दिसताच ते कुत्र्याप्रमाणे भुंकते, आणि त्याची हाक ऐकून आसपासची जनावरे सावध होतात. अशा प्राण्यास आवाज न करणाऱ्या बंदुकीने मारणे योग्य आहे काय, ह्याचा आज आपण विचार करू. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या पोटी दुसरा मोठा प्रश्न आहे. तो हा की, जे कृत्य कोणाच्या कानी जात नाही, त्याचा दोष कमी होतो काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ध्वनी हवेतून दर सेकंदास सुमारे 340 मीटर जातो. गोळी त्याहून वेगाने सुटली म्हणजे कडाड असा आवाज होतो. म्हणून ज्यास आवाज नको तो मंद वेगाचे काडतूस घेतो, किंवा छर्र्याची हवाई बंदूक वापरतो. पण वेग घटला की जोरही घटतो. पॉइंट टू-टू रायफलीच्या अशा मंद काडतुसाचा जोर सुमारे 130 जूल असतो. साध्या हवाई बंदुकीचा तर 20 जुलांच्या आसपासच. इंग्लंडात हरणांची शिकार कायदेशीर आहे. तरीही तेथील 1991 च्या कायद्याने बहुतेक हरणांसाठी निदान 1,700 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 2,300 जूल जोराची रायफल आवश्यक ठरविली आहे. ह्याचे कारण उघड आहे. दुबळी गोळी मर्मी बसली नाही, तर हरीण पडत नाही. ते पळते, जाळीत शिरते, आणि जखम चिघळून पुढे केव्हातरी तडफडून मरते. मारणाऱ्यास वाटते की नेम चुकला, आणि तो घरी जाऊन स्वस्थ निजतो.

येथे कोणी म्हणतील, "मोठ्या आवाजाने रान बिथरते, गुरे भितात; मग शांत बंदूक हीच दयेची नव्हे काय?" ह्यात थोडे सत्य आहे. पुरेशा जोराच्या रायफलीस आवाज दाबणारी नळी लावून शिकार करणारे लोक काही देशांत आहेत, आणि त्यांच्या गोळीने जनावर तत्काळ पडते. तेव्हा शांतता हाच दोष, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही इतकेच विचारतो की, ती शांतता कोणाच्या हितासाठी आहे? जनावराची वेदना टळावी म्हणून, की वनरक्षकाच्या कानी आवाज जाऊ नये म्हणून? हेतू दुसरा असेल, तर आपण आपला धोका काढून तो वेदनेच्या रूपाने मुक्या जिवाच्या अंगावर घातला, असे होते.

दुसरे कोणी म्हणतील, "आमच्या घरी नागली पुरत नाही, उभे भात जनावरे खातात, आम्ही काय करावे?" हे गाऱ्हाणे खरे आहे, आणि भरल्या पोटी त्याची थट्टा करणे आम्हांस शोभणार नाही. पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाई आहे. ती मिळविण्यास अक्षरओळख असलेल्या उपदेशकाने शेजाऱ्याचा अर्ज लिहून द्यावा, हे मोठे सेवेचे काम होय. परंतु भूक खरी असली, तरी तिने जखमी जनावराची वेदना खोटी ठरत नाही.

पूर्वी ह्या भागात हाका घालून शिकार होत असे. पाड्याचे लोक ओरडत, रान हालवीत निघत. ती पद्धत पुन्हा सुरू व्हावी असे आमचे म्हणणे नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस आळा घातला, 1991 मध्ये परवान्याची शिकारही बंद झाली, आणि आज हरीण मारणे हा गुन्हाच आहे. तथापि हाक्यात एक गोष्ट होती: कृत्यास पुष्कळ साक्षी असत. परवाने होते तेव्हाही रात्री मारण्यास, उजेड पाडून मारण्यास व पाणवठ्यावर मारण्यास कायद्याची मनाई होती.

लेवीयाच्या 17 व्या अध्यायात शिकाऱ्यास एक आज्ञा आहे. पशू मारल्यावर त्याने त्याचे रक्त भूमीवर ओतावे व ते मातीने झाकावे. रानात तो एकटा असतो, कोणी पाहत नाही. तरी घेतलेल्या जिवाचा हिशेब त्याने तेथेच, गुडघे टेकून, द्यावयाचा असतो. ज्याचे हरीण जाळीत शिरून मेले, तो हे करणार कसे?

2021 साली अरुणाचल प्रदेशात हवाई बंदुका स्वखुशीने परत करण्याची चळवळ निघाली, आणि हजाराहून अधिक बंदुका लोकांनी आणून दिल्या. ते लोकही आपल्यासारखेच रानात राहणारे आहेत.

म्हणून, बंधूंनो, रात्री गुपचूप आणलेले मांस कोणी पुढे केले, तर उपदेशकाने आदराने पण स्पष्टपणे नको म्हणावे. आणि मुलाच्या हाती छर्र्याची बंदूक देणाऱ्या बापाने आधी स्वतःस विचारावे, "ह्याचा आवाज साऱ्या गावास ऐकू गेला असता, तर मी ही दिली असती काय?"