सुवर्णाचें मस्तक आणि मातीचे पाय

मोठें राज्य मोडलें म्हणजे मनुष्याच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात: तें कां मोडलें, आणि तें मोडणार हें कोणास आधीं कळलें होतें काय? पहिल्या प्रश्नाचें उत्तर इतिहासकार देतो. दुसऱ्याचें उत्तर देण्याचें काम बहुतेक समाजांनीं आपापल्या धर्मग्रंथांकडे सोंपविलें आहे. ज्यू व ख्रिस्ती परंपरेंत हें काम मुख्यतः बायबलाच्या जुन्या करारांतील ‘दानीएल’ या बारा अध्यायांच्या लहानशा पुस्तकाकडे आलें. दोन हजारांहून अधिक वर्षें निरनिराळ्या देशांतील पंडित, धर्मोपदेशक व राजकारणी या पुस्तकाच्या आधारें साम्राज्यांचीं आयुष्यें मोजीत आले. त्यांची मोजणी पुनःपुन्हां चुकली, पण मोजणारे कांहीं कमी झाले नाहींत. या आग्रहाच्या मुळाशीं एक नैतिक प्रश्न आहे, व त्याचें उत्तर त्या पुस्तकांतच दडलेलें आहे असें आम्हांस वाटतें. तें शोधून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांतील कथा प्रसिद्धच आहे. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याला एक स्वप्न पडतें आणि त्याची झोंप उडते. ज्यानें इ. स. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम घेऊन तेथील मंदिर जाळलें व लोकांस बंदिवान करून नेलें, तोच हा राजा. राजाचे ज्योतिषी हतबल होतात व अखेर दानीएल नांवाचा त्या बंदिवानांपैकींच एक तरुण पुढें येऊन स्वप्न व त्याचा अर्थ दोन्ही सांगतो. राजानें एक प्रचंड पुतळा पाहिला: मस्तक सोन्याचें, छाती व बाहू रुप्याचे, पोट व मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे आणि पावलें कांहींशीं लोखंडाचीं व कांहींशीं मातीचीं. इतक्यांत कोणाचाही हात न लागतां डोंगरांतून एक पाषाण सुटला, तो त्या पावलांवर आदळला, सगळ्या पुतळ्याचा भुगा होऊन वाऱ्यावर उडाला, आणि त्या पाषाणाचा पर्वत होऊन त्यानें पृथ्वी व्यापली. धातूंचे हे भाग म्हणजे एकामागून एक येणारीं चार राज्यें; सोन्याचें मस्तक म्हणजे राजा स्वतः; आणि पाषाण म्हणजे ईश्वर स्थापील तें अविनाशी राज्य. सातव्या अध्यायांत चार राज्यें पुन्हां येतात, पण तेथें तीं समुद्रांतून निघणाऱ्या श्वापदांच्या रूपानें दिसतात; चौथ्या श्वापदाला दहा शिंगें असून त्यांमधून एक लहानसें, उन्मत्त शिंग उगवतें.

हें पुस्तक केव्हां लिहिलें गेलें याविषयीं दोन पक्ष आहेत. परंपरेचा अभिमानी पक्ष तें बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळचें मानतो. बहुतेक आधुनिक टीकाकारांच्या मतें त्याला आजचें रूप इ. स. पू. १६५ च्या सुमारास आलें. त्या वेळीं सेल्युकिड घराण्यांतील चौथा अँटिओकस यानें यरुशलेमचें मंदिर भ्रष्ट केलें होतें व ज्यू धर्माचा आचार हाच गुन्हा ठरविला होता. अकराव्या अध्यायांत या राजाच्या कारकीर्दीचें वर्णन सूक्ष्म व अचूक आहे. परंतु त्याचा अंत समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्यामध्यें होईल असें तेथें सूचित केलें असतां तो इ. स. पू. १६४ मध्यें इराणाकडे मरण पावला. जेथें वर्णन चुकूं लागतें तेथें लेखकाचा वर्तमानकाळ आला, असा हा युक्तिवाद आहे. त्याचें मूळ तिसऱ्या शतकांतील ग्रीक तत्त्वज्ञ पॉर्फिरी याच्याकडे जातें. त्याचे ख्रिस्ती धर्माविरुद्धचे ग्रंथ पुढें जाळण्यांत आले. दानीएलाविषयींचें त्याचें मत आज आपणांस कळतें तें मुख्यतः त्याचें खंडन करणाऱ्या जेरोमच्या ४०७ सालच्या भाष्यामुळें.

झालेल्या गोष्टी भविष्यरूपानें सांगण्याची ही पद्धति मराठी वाचकांस अपरिचित नाहीं. विष्णुपुराणाच्या चौथ्या अंशांत पराशर मैत्रेयास नंद, मौर्य, आंध्र इत्यादि राजवंश पुढें होणार म्हणून सांगतो. आणि त्या वंशावळीच्या अखेरीस ‘पृथ्वी माझी’ म्हणणाऱ्या राजांना पृथ्वीच हंसते. तरी दोन्ही ग्रंथांचा रोख एक नाहीं. पुराण राजांचें येणें-जाणें काळाच्या हवालीं करतें व श्रोत्यास वैराग्य शिकवितें. दानीएलाच्या पुस्तकांत काळापेक्षां तराजू मोठा आहे. पांचव्या अध्यायांत बेलशस्सराच्या मेजवानींत भिंतीवर उमटलेल्या अक्षरांचा अर्थ तुझे दिवस मोजले, तुला तोललें, तूं उणा भरलास, असा लावला जातो. येथें राज्य म्हातारें झालें म्हणून जात नाहीं. तें वजनांत कमी भरलें म्हणून जातें. यास्तव हें भविष्य म्हणजे मूलतः एक न्यायनिवाडा आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

परंतु वाचकांनीं निवाडा बाजूला ठेवून पंचांग तेवढें घेतलें. अँटिओकसच्या काळीं चौथें राज्य ग्रीकांचें होतें. पुढें रोमनांनीं इ. स. ७० मध्यें यरुशलेमचा पुन्हां विध्वंस केला, तेव्हां एज्राच्या नांवावर लिहिलेल्या एका ज्यू ग्रंथांत देवदूत स्पष्टच सांगतो कीं, चौथ्या राज्याचा अर्थ तुझा बंधु दानीएल यास असा उलगडून दाखविला नव्हता. म्हणजे चौथें राज्य आतां रोम झालें. ज्यू इतिहासकार जोसीफस याची अडचण याहून नाजूक होती. रोमच्या आश्रयानें, रोमन वाचकांसाठीं लिहितांना तो या स्वप्नाची कथा सांगतो, पण पाषाणापाशीं येतांच थांबतो: आपण झालेल्या गोष्टींचे लेखक आहों, होणाऱ्यांचे नव्हे, ज्यास अधिक हवें त्यानें मूळ पुस्तक वाचावें! इतकें बोलकें मौन इतिहासांत क्वचित् आढळेल. जेरोमनें उलट धीटपणें लिहिलें कीं, आरंभीं रोमहून बळकट कांहीं नव्हतें व आतां त्याहून दुबळें कांहीं नाहीं, कारण त्याला रानटी टोळ्यांचें साह्य घ्यावें लागतें. तीनच वर्षांनीं, ४१० मध्यें, अ‍ॅलरिकनें रोम लुटलें.

एवढा दाखला मिळाल्यावर पंचांग बंद व्हावयास हवें होतें. झालें उलटें. १५२९ मध्यें तुर्कांनीं व्हिएन्नाला वेढा घातला, आणि पुढच्याच वर्षीं ल्यूथरनें आपलें दानीएलाचें जर्मन भाषांतर प्रसिद्ध केलें. त्याच्या मतें लहान शिंग म्हणजे तुर्क. १८४४ च्या २२ ऑक्टोबर रोजीं ख्रिस्ताचें पुनरागमन होणार, असें अमेरिकेंतील विल्यम मिलरच्या अनुयायांनीं याच पुस्तकांतील २३०० दिवसांवरून ठरविलें; तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. गेल्या शतकांत कित्येकांनीं दहा शिंगें म्हणजे युरोपांतील आर्थिक संघ असें ठरविलें, व १९८१ मध्यें ग्रीस हा त्याचा दहावा सभासद होतांच त्यांस हर्ष झाला. १९८६ मध्यें सभासद बारा झाले, आणि आज ते सत्तावीस आहेत.

या चुका गणिताच्या होत्या, व गणिताची चूक दिवस उजाडला म्हणजे आपोआप उघडी पडते. दुसऱ्या प्रकारची चूक याहून भयंकर आहे, कारण ती उघडी पडत नाहीं. ती चूक म्हणजे पुतळा नेहमीं दुसऱ्याचा व पाषाण मात्र आपला, असें मानणें.

सतराव्या शतकांतील पोर्तुगीज जेझुइट आंतोनियु व्हिएरा याचें उदाहरण घ्या. ब्राझीलमधील मूळच्या रहिवाशांना गुलाम करणाऱ्या वसाहतवाल्यांशीं झुंजलेला हा थोर वक्ता. पण पांचवें, म्हणजे पाषाणाचें, राज्य पोर्तुगालच्या राजाच्या हातून साकार होणार, अशी त्याची दृढ समजूत होती. चौथा जॉन राजा १६५६ मध्यें वारला, तेव्हां तो पुन्हां उठून हें कार्य करील असें त्यानें प्रतिपादिलें. याच सुमारास, १६६१ च्या तहानें, पोर्तुगालनें आपली मुंबई इंग्लंडच्या राजास लग्नांतील आंदण म्हणून देऊं केली होती. गोव्यांतील पोर्तुगीज सत्ता पुढें तीनशें वर्षें, १९६१ पर्यंत, टिकली खरी. पण गोव्यांत ज्या सत्तेनें धर्मन्यायालय चालविलें व मंदिरें पाडलीं, तिला पाषाण म्हणावें कीं लोखंडाचे पाय, हें ठरविण्यास भविष्यवेत्त्याची गरज नाहीं. खुद्द व्हिएरालाही त्याच धर्मन्यायालयानें पोर्तुगालांत कैदेंत ठेवलें होतें.

इंग्लंडांत ‘पांचव्या राज्याचे लोक’ म्हणविणाऱ्या पंथाची गत अशीच झाली. १६४९ मध्यें पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला तेव्हां त्यांच्यांतील कित्येकांस तो राजा म्हणजे लहान शिंग वाटला. क्रॉम्वेल सर्वाधिकारी होतांच क्रॉम्वेल हाच लहान शिंग ठरला. आणि १६६१ च्या जानेवारींत व्हेनरच्या मूठभर अनुयायांनीं तरवारीच्या जोरावर ख्रिस्ताचें राज्य आणण्यासाठीं लंडनच्या रस्त्यांत रक्त सांडलें. याहून प्राचीन व अधिक विचार करावयास लावणारा दाखला यरुशलेमचाच आहे. अँटिओकसच्या जुलमाविरुद्ध ज्या मक्काबी वीरांनीं मंदिर पुन्हां पवित्र केलें, त्यांच्याच घराण्यांतील जॉन हिर्कॅनस यानें पुढें शोमरोनी लोकांचें गेरिझीम पर्वतावरील मंदिर उद्ध्वस्त केलें व इदोमी लोकांना, सुंता करा नाहींतर देश सोडा, असें फर्माविलें. ज्यांच्या आजोबांस आपला धर्म पाळल्याबद्दल मारलें जात होतें, त्यांनीं दुसऱ्यांवर धर्म लादावयास दोन पिढ्याही लागल्या नाहींत.

मूळ कथेंत एक शब्दयोजना आहे, ती या सर्वांनीं वाचली पण मानली नाहीं: पाषाण कोणाचाही हात न लागतां सुटला. ज्याला हात लागला, ज्याच्यावर एखाद्या राजाची मुद्रा उमटली, ज्याच्याकरितां एखाद्या पक्षानें सैन्य उभारलें, तो पाषाण राहिला नाहीं. पुतळ्याच्या अंगीं तो आणखी एक धातु म्हणून जडला.

यावर एक आक्षेप येईल. साम्राज्यें कर, कर्ज, दुष्काळ, वारसांचे तंटे आणि शेजाऱ्यांचें बळ यांमुळें मोडतात. तेथें तराजूची भाषा कशाला? शिवाय अन्यायी राज्यें शतकानुशतकें टिकलींच कीं! हा आक्षेप खोटा नाहीं. नीति सुटली कीं राज्य अमुक वर्षीं बुडतें, असा नियम इतिहासांतून काढतां येत नाहीं. तसा काढूं पाहणारा पुन्हां पंचांगाकडेच वळतो. परंतु आघात सोन्याच्या मस्तकावर न होतां पावलांवर होतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. सर्व भार जेथें पडतो तेथेंच लोखंड आणि माती यांचा सांधा बसलेला नव्हता. ज्यांच्या श्रमावर व मुकेपणावर राज्य उभें असतें त्यांना राज्य आपलें वाटत नसेल, तर कर्ज किंवा दुष्काळ हें केवळ निमित्त ठरतें. किती काळ टिकेल हें यावरून कळत नाहीं; कशावर उभें आहे हें मात्र कळतें.

आणि हें कळल्यावर काय करावें, हेंही दानीएल सांगतो. चौथ्या अध्यायांत राजाच्या दुसऱ्या स्वप्नाचा भयंकर अर्थ सांगून झाल्यावर तो थांबत नाहीं. तो राजास विनवितो कीं, नीतीनें वाग, गांजलेल्यांवर दया कर, म्हणजे कदाचित् तुझें स्वास्थ्य लांबेल. जें अटळ आहे त्याविषयीं सल्ला कोण देतो? योनाच्या पुस्तकांत निनवेला चाळीस दिवसांची मुदत सांगितली जाते, नगर पश्चात्ताप करतें, आणि भाकीत खोटें ठरतें. येथें भाकीत खोटें ठरणें हेंच त्याचें यश आहे. ‘कदाचित्’ या एका शब्दांत भविष्याचा आणि मानवी जबाबदारीचा सगळा संबंध सामावला आहे.

मात्र त्या ‘कदाचित्’ला दुसरी बाजू आहे. तिसऱ्या अध्यायांत राजानें उभारलेल्या सोन्याच्या मूर्तीपुढें वांकण्याचें नाकारणारे तीन तरुण अग्नीच्या भट्टीसमोर उभे आहेत. आमचा देव आम्हांस सोडवील, असें ते म्हणतात. आणि लगेच पुढें म्हणतात कीं, त्यानें न सोडविलें तरीही आम्ही वांकणार नाहीं. साम्राज्य कधीं पडणार हें त्यांना ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक असण्याची त्यांना गरज वाटली नाहीं. पुतळा उद्यां पडणार या खात्रीवर जो आज ताठ उभा राहतो, तो विजयाच्या बाजूनें उभा असतो. पडेल कीं नाहीं हें न कळतां जो उभा राहतो, तोच न्यायाच्या बाजूनें. आपल्या हातीं सत्ता आली असतां हा तराजू आपल्यासाठींही टांगलेला आहे असें समजून, आणि सत्ता दुसऱ्याच्या हातीं असतां तारखेची वाट न पाहतां, जो हें पुस्तक वाचील त्यालाच तें लागलें असें म्हणतां येईल.