असेल आपल्याच मंडळीत



आज पवित्र कुटुंबाचा सण. गोठ्यासमोरचे दिवे अजून उतरवलेले नाहीत, करंज्यांचे डबे अजून रिकामे झालेले नाहीत, आणि एकतीस डिसेंबरची रात्र अगदी जवळ आली आहे. म्हणून आज गोठ्यातल्या बाळाविषयी न बोलता बारा वर्षांच्या येशूविषयी बोलावे, असे आम्ही ठरवले. गोठ्यातले बाळ सर्वांनाच आवडते. ते उलट उत्तर देत नाही, मित्रांबरोबर बाहेर जात नाही. बारा वर्षांचा मुलगा मात्र आईबापांना घाम फोडतो. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनाही तो फुटला.

आनंदाच्या पाचव्या रहस्यात आपण दर सोमवारी आणि शनिवारी हाच प्रसंग ध्यानात आणतो. पण रोझरी म्हणताना ‘सापडला’ या शब्दाकडे आपले लक्ष जाते, ‘हरवला कसा’ याकडे जात नाही. संत लूक दुसऱ्या अध्यायात ते सांगतो. वल्हांडणाचा सण आटोपून सगळी मंडळी यरुशलेमहून परत निघाली. मुलगा मागे राहिला, आणि आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यांना वाटले, असेल आपल्याच मंडळीत. नातेवाईक आहेत, गावचे लोक आहेत, कोणाबरोबर तरी चालत असेल.

ते निष्काळजी होते का? मुळीच नाही. त्यांचा आपल्या माणसांवर विश्वास होता, एवढेच. आणि आपण नेमके हेच म्हणत असतो. ट्यूशनला गेला असेल. होस्टेलमध्ये आहे, तिथे सर आहेत, काळजी नाही. चर्चच्या युवकांबरोबर आहे, मग तर प्रश्नच नाही.

हे शेवटचे वाक्य आम्हालाच बोचते. मागे एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर मागच्या भिंतीजवळ झाडताना खर्र्याच्या रिकाम्या पन्न्या सापडल्या. मोठ्यांच्या असतील, असे समजून आम्ही त्या कचऱ्यात टाकल्या. पुढच्या रविवारी पुन्हा सापडल्या. त्या मोठ्यांच्या नव्हत्या. एक दिवसाची वाट आम्हीही तशीच चाललो, तेव्हा आज जे लिहीत आहोत ते आधी स्वतःला उद्देशून आहे.

व्यसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मुंबई येते, पावडर येते, सिनेमातली अंधारी खोली येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलाचे व्यसन तिथे सुरू होत नाही. ते शाळेच्या वाटेवरच्या पानठेल्यावर सुरू होते. कच्ची सुपारी, तंबाखू, चुना, हे सारे पन्नीत घालून घोटायचे आणि गालात धरायचे. यवतमाळ असो, वणी असो, पुसद असो की पांढरकवडा, खर्रा घोटण्याचा तो आवाज ओळखीचा नाही असे एकही पोर सापडणार नाही. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला ती द्यायची नाही, असा कायदा 2003 पासून आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याने तर मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे.

पण ठेलेवाल्याकडे बोट दाखवण्याआधी एक प्रश्न. त्या ठेल्यावर मुलाला पहिल्यांदा कोणी पाठवले?

“जा रे बेटा, एक खर्रा घेऊन ये.” हे वाक्य आपल्या किती घरांत बोलले जाते! मूल सात-आठ वर्षांचे असते. उरलेले दोन रुपये त्याचेच, म्हणून ते आनंदाने धावत जाते. ठेलेवाला त्याला नावाने ओळखू लागतो. पुढे कधीतरी ते पन्नीतले चिमूटभर चाखते आणि मग स्वतःसाठी घेऊ लागते. बापाच्या नावावर घेतले, म्हणून कोणी विचारतही नाही. घरात आजी तंबाखूची मिश्री लावत असेल, तर मुलींचीही सुरुवात तिथूनच होते. बाहेरच्या वाईट संगतीला आपण फार शिव्या देतो. पहिली संगत पुष्कळदा घरचीच असते, हे कबूल करायला जड जाते.

आणखी एक गोष्ट सांगायची की नाही, याचा आम्ही बराच विचार केला. मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर जिभेवर देताना समोरच्याचे तोंड आम्हाला जवळून दिसते. काही तोंडे आता पुरती उघडत नाहीत. पातळ ख्रिस्तशरीरसुद्धा ओठांतून जपून आत सरकवावे लागते. ती माणसे म्हातारी नाहीत. कोण, ते विचारू नका आणि ओळखण्याचाही प्रयत्न करू नका. सुपारीमुळे गालाच्या आतले कातडे कडक होत जाते, जबडा आखडतो. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही हे करते, त्यामुळे पोरांच्या हाती दिली जाणारी गोड सुपारीही निरुपद्रवी नाही. पुढे काहींना तोंडाचा कॅन्सर होतो. आईबापांनो, आज घरी गेल्यावर मुलाला आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात घालून दाखवायला सांगा. सहसा ती जातात. जात नसतील, किंवा साध्या तिखटानेही त्याचे तोंड भाजत असेल, तर त्याला मारू नका, दंतवैद्याकडे घेऊन जा. त्या वेळी सुपारी सुटली तर आजार तिथेच रोखता येण्याची आशा असते. आखडलेला जबडा मात्र पूर्वीसारखा होणे कठीण.

दारूचे पुराण आपल्या जिल्ह्यात कोणी कोणाला सांगावे! वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, अलीकडे आपल्याकडे दुकाने उघडी आहेत. चंद्रपूरमध्ये 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. गावातल्या बायांनी ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडण्याची तरतूद कायद्यात आहे, तिचा उपयोग अवश्य करावा. एप्रिल 2021 मध्ये लॉकडाऊनमुळे दुकाने बंद असताना वणीत काही माणसे दारूऐवजी सॅनिटायझर प्यायली आणि दगावली, ती बातमी आपण विसरलेलो नाही. हात धुण्याचे औषध पिण्यापर्यंत माणूस एका दिवसात पोहोचत नाही. बहुतेकांचा पहिला घोट कुठल्या तरी लग्नात, कुठल्या तरी काकाच्या आग्रहाने घेतलेला असतो.

आणि कापसाचे चुकारे याच दिवसांत हाती पडतात. वर्षभर नसलेला पैसा खिशात असतो, नाताळ असतो, पाहुणे असतात. “आज सण आहे, पोराला थोडी दिली तर काय बिघडले? प्रभूने नाही का काना गावी पाण्याचा द्राक्षरस केला?” हा प्रश्न आम्हाला दरवर्षी ऐकावा लागतो. होय, केला. ख्रिस्तसभेने द्राक्षरसाला कधी पाप म्हटले नाही, तो आपल्या वेदीवर असतो. पण काना गावी प्रभूने एका कुटुंबाची अब्रू राखली. आपल्या मांडवात बाटली निघते तेव्हा अब्रू राहते की जाते, ते ज्याचे त्याने आठवावे. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणातील 2290 वा परिच्छेद दारू, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळायला सांगतो, आणि नशेत गाडी चालवून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर अपराध मानतो. राज्याच्या कायद्यानेही बिअर 21 वर्षांनंतर आणि कडक दारू 25 वर्षांनंतर. मेंदूतला सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत वाढत असतो. पंधरा वर्षांच्या पोराला पाजलेला घोट त्या अर्धवट वाढलेल्या मेंदूवर पडतो. लवकर सुरुवात करणारे पुढे दारूत अडकण्याचा धोका कितीतरी जास्त असतो.

आयर्लंडमधील डब्लिन शहरात मॅट टॅलबट नावाचा गरीब मुलगा होता, जन्म 1856. बापही पिणारा. साधारण बाराव्या वर्षी मॅट दारूच्या एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला आणि तिथेच प्यायला शिकला. पुढची सोळा वर्षे तो बुडालेला होता. एकदा तर रस्त्यावर वाजवून पोट भरणाऱ्याचे व्हायोलिन त्याने मित्रांबरोबर चोरून दारूसाठी विकले. 1884 मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना, खिशात पैसा नव्हता म्हणून तो गुत्त्याबाहेर उभा राहिला. ज्यांना त्याने आजवर पाजले, त्यांतल्या एकानेही त्याला आत बोलावले नाही. तो घरी आला आणि दारू सोडण्याची शपथ घेतो, असे आईला म्हणाला. पाळणार असशील तरच घे, अशा अर्थाचे काहीतरी ती माऊली बोलली. त्याने आधी तीन महिन्यांची शपथ घेतली. ती निभावल्यावर पुढची, आणि मग जन्माची. ज्याचे व्हायोलिन चोरले होते त्याला तो पुढे शहरभर शोधत फिरला, तो काही सापडला नाही. 1925 साली मिस्साला जाताना रस्त्यातच तो मरण पावला. 1975 साली ख्रिस्तसभेने त्याला ‘वंदनीय’ म्हणून घोषित केले. तो मुलगा वेळेवर सापडला असता, तर सोळा वर्षे वाचली असती.

वेळेवर सापडणे शक्य असते का? आइसलँड नावाच्या छोट्या देशाने ते करून दाखवले. 1998 साली तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुले आदल्या महिन्यात दारू पिऊन झिंगलेली होती. 2016 साली ते प्रमाण 5 टक्क्यांवर आले. त्यांनी मुलांना खेळ आणि संगीताची सोय करून दिली, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहायचे नाही हा नियम पाळला, आणि आईबापांनी आपापसांत ठरवले की मुलांबरोबर जास्त वेळ घालवायचा. भाषणे देऊन ते घडले नाही. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, हे खरे. पण रात्रीचे जेवण मुलाबरोबर एका ताटाशी बसून घ्यायला पैसा लागत नाही.

आता मरिया आणि योसेफ यांच्याकडे परत येऊ. कळल्यावर त्यांनी काय केले? आधी नातेवाइकांत विचारले. लाज वाटली असेल, तरी विचारले. आपण नेमके इथेच अडखळतो. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून शेजारच्या मावशीला विचारत नाही, शिक्षकांना भेटत नाही, फादरांना तर मुळीच सांगत नाही. मग ते आल्या वाटेने परत फिरले. मुलगा सापडला तेव्हा तिसरा दिवस होता. मरियेने त्याला चारचौघांत मारले नाही, सुटू दिलेही नाही. तू असे का केलेस, असे विचारले आणि तुझा बाप व मी किती व्यथित होऊन शोधत होतो, ते सांगितले. तिने आपले दुःख त्याच्यापुढे ठेवले. उत्तर तिला नीट कळले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरी ती त्याला घरी घेऊन आली.

या प्रसंगानंतर शुभवर्तमानात योसेफ पुन्हा दिसत नाही. परंपरा सांगते की प्रभूच्या कार्यारंभापूर्वीच तो वारला. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, कारण आपल्या धर्मग्रामात एकट्याने मुले वाढवणाऱ्या आया आहेत. काहींच्या घरचा कर्ता पुरुष कर्जाने आणि नापिकीने नेला, काहींचा दारूने. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचून आल्यावर मुलाचा शोध कधी घेणार? त्यांच्यासाठी बाकीच्या मंडळीने खरोखर मंडळी व्हावे. कोणाचेही पोर ठेल्यावर दिसले, तर त्याच्या आईला चहाडी म्हणून नव्हे, मदत म्हणून सांगावे. स्वतःच्या पोराविषयी कोणी असे येऊन सांगितले, तर भांडायला उठू नये. (हे दुसरे जास्त अवघड आहे.)

तरुण मुलामुलींनो, तुम्हाला उपदेश नको असतो, म्हणून एकच सांगतो. मित्राने बाटली पुढे केली, गाडी चालवणारा प्यालेला दिसला, एका दुचाकीवर तिघे-चौघे निघाले, की घरी फोन करा. आणि आईबापांनो, तुम्ही आजच मुलाला शब्द द्या: रात्री कितीही वाजता फोन कर, मी घ्यायला येईन, त्या रात्री एक शब्द बोलणार नाही, बोलायचे ते सकाळी. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती गाडीची किल्ली देणाऱ्या पालकालाच 2019 पासून शिक्षा आहे, तेव्हा किल्ली जागच्या जागी ठेवा.

ज्यांच्या घरी प्रश्न आधीच उभा आहे, त्यांनी हा आजार समजावा. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 हे सरकारी क्रमांक विनामूल्य आहेत. फादर जो परेरा यांनी 1981 साली मुंबईत कृपा फाऊंडेशन सुरू केले, तर पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण. दोन्ही ठिकाणांहून हजारो माणसे आपापल्या घरी परतली आहेत. कोणाला न्यायचे असेल आणि सोबत हवी असेल, तर आम्ही येऊ. सांगितलेले आमच्यापाशीच राहील.

एकतीस तारखेला रात्री उपकारस्तुतीची मिस्सा झाल्यावर सभागृह उघडे राहील. कॅरम आहे, गाणी आहेत, मसालेभात युवक मंडळ करणार आहे. मुलांना एकटे पाठवू नका, बापांनी स्वतः यावे. खर्रा फाटकाबाहेर टाकून यावा, तिथे डबा ठेवला आहे. पुढच्या रविवारी मिस्सानंतर आठवी ते बारावीच्या मुलांच्या पालकांची बैठक आहे, दोघांनीही यावे. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या जातील.