चोवीस गुरू आणि माझा कॅमेरा



दत्तजयंतीच्या अंकासाठी पक्ष्यांच्या फोटोंवर लिहितोय म्हटल्यावर आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, अंक महाराजांचा, त्यात तुमचे बगळे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत दोन पक्षी आहेत. निवृत्तीनंतर माझी जी काही फजिती झाली आणि जी काही अक्कल आली, ती बरीचशी या दोघांच्याच मार्फत. म्हणून हा प्रपंच.

नोकरी रेल्वेत झाली, घर दौंडला. निवृत्त झालो तेव्हा मुलानं कॅमेरा आणि एक लांबलचक लेन्स आणून दिली. म्हणाला, बाबा, नुसते घरात बसू नका. दौंडहून सोलापूरकडे गाडी निघाली की वाटेत भिगवण लागतं आणि तोच लोहमार्ग पुढे गाणगापूर रोडला जातो. महाराजांच्या दर्शनाला जाताना भिगवणवरून किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. तिथं उतरावं असं मात्र कधी सुचलं नव्हतं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं आणि मागे मैलोन् मैल पाणी पसरलं. त्या पाण्याच्या काठाला, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला, हिवाळ्यात पाखरांची जत्रा भरते. रोहित, ज्यांना अग्निपंख म्हणतात ते, आणि थेट हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. आपली दत्तजयंती मार्गशीर्षात, आणि ही मंडळी यायला लागतात तीही त्याच सुमाराला. उजनीतून सुटलेलं पाणी पंढरपुरावरून खाली जातं आणि गाणगापूरला अमरजेला मिळतं. संगमावर आपण बुडी मारतो त्या भीमेत या पाखरांनी वर कुठंतरी आधीच चोच बुडवलेली असते.

तर मी फोटो टिपू लागलो. 'टिपणे' हा आपला शब्दही मोठा गमतीचा आहे. पाखरू दाणे टिपतं. शिकारी पाखराला टिपतो. आणि फोटोवालाही टिपतोच. तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नव्हतं. बंदुकीपेक्षा कॅमेरा केव्हाही बरा, हे तर कुणीही म्हणेल, आणि ते खोटंही नाही. डॉ. सालिम अलींचा पक्षिअभ्यास सुरू झाला तो लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं मारलेल्या एका चिमणीपासून. त्या काळी पक्षी ओळखायचा तर तो मारून हातात घ्यावा लागे. आज काचेतून ओळखता येतो. एवढं पुण्य कॅमेऱ्याच्या पदरात घालायलाच हवं.

पण पाच वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट सांगतो. आमच्या गावापलीकडच्या माळावर टिटवीचं घरटं दिसलं. घरटं म्हणजे काय, खड्यांच्या मध्ये एक उथळ खळगा आणि त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. टिटवी ओरडली की आपल्याकडे अशुभ मानतात. ती आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपते, असंही म्हणतात. बिचारी ओरडते ती अंड्यांसाठी. मी वीसेक पावलांवर बांधाच्या आडोशाला पोटावर पडलो. मादी उठून घिरट्या घालू लागली, नर समोर येऊन एक पंख मोडल्यासारखा जमिनीवरून ओढत चालला. वैऱ्याला अंड्यांपासून लांब न्यायचं, म्हणून हे सोंग असतं. मला ते ठाऊक होतं, वाचलेलं होतं. आणि ठाऊक असूनही मनात आलं ते एवढंच, की काय नशीब आहे, असा फोटो जन्मात एकदा मिळतो!

पाऊण तास झाला असेल. सकाळचे अकरा वाजून गेले होते. मेंढरं घेऊन एक म्हातारा धनगर आला आणि उभा राहिला.

"सायेब, उठा तिथनं. तुमी हितं हाय तवर ती अंड्यावर बसायची न्हाई."

मी म्हटलं, "बाबा, मी काय करतोय तिला? लांबूनच काढतोय."

"तुमी काय करत न्हाई वो," तो म्हणाला, "ऊन करतंय."

वैशाखात टिटवी अंड्यांवर बसते ती दुपारी ऊब द्यायला नव्हे, सावली द्यायला. पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओलाव्यानं अंडी गार ठेवते. हे मी नंतर वाचलं. त्या म्हाताऱ्याला न वाचता माहीत होतं. मी उठलो. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तर खळगा रिकामा. अंडी फुटून पिल्लं निघून गेली, की उन्हानं आत मेली आणि मुंगसानं नेली, कळायला मार्ग नाही; कारण टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच चालू लागतात, खळगा कसाही रिकामाच राहतो. आजतागायत मला ते कळलेलं नाही.

फोटो मात्र फार सुरेख आला. मोठा करून, चौकट करून बैठकीत लावला. येणारा-जाणारा वाहवा करायचा. मग सुट्टीत नात आली आणि फोटोकडे बघून म्हणाली, "आजोबा, हिचा पंख मोडलाय? मग तुम्ही फोटो का काढत बसलात?"

त्या रात्री पोथी उघडली आणि नेमकी कपोताची गोष्ट समोर आली. आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. पारव्याचं जोडपं पिल्लांच्या लोभात बुडालेलं. व्याधानं जाळं टाकून पिल्लं धरली, त्यांच्या मागे मादी जाळ्यात गेली, तिच्या मागे नर गेला. अवधूतांनी यातून घेतलेला बोध संसाराच्या आसक्तीचा. आजवर प्रवचनाला बसलो तेव्हा आम्ही संसारी माणसं स्वतःला त्या पारव्याच्याच जागी धरत आलो आणि डोळे पुसत आलो. व्याधाच्या जागी स्वतःला कधी ठेवून पाहिलं नव्हतं. गोष्टीत तो आपलं काम झालं म्हणून समाधानानं घरी जातो. मीही समाधानानंच घरी आलो होतो की!

मनानं लगेच वकिली सुरू केली. माझा हेतू वाईट नव्हता, मला पाखरांची आवड आहे. पण व्याधाचा तरी पारव्यावर राग कुठं होता? त्याच्या पाठीशी पोट होतं. मला कसली भूक होती? पुढे एकदा कळलं, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणं धरलेलं आहे. म्हणजे सरकारलाही बंदूक लागली नाही मला व्याध ठरवायला.

आणि आपल्या घरातली रीत तरी काय आहे? बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस जात नाही. कितीही कौतुक असलं तरी दारातूनच विचारपूस करतो. बऱ्याच देवळांत गाभाऱ्यात फोटो काढू देत नाहीत, आपण कुरकुर न करता हात जोडून परत फिरतो. मग माळावरच्या चार अंड्यांपाशीच आपली ही समज कुठं जाते? मला वाटतं, तिथं पाटी नसते आणि पुजारी नसतो, म्हणून जाते.

दुसरा पक्षी कुरर. आपल्याकडच्या कित्येक याद्यांत त्याचं नाव 'टिटवी' दिलेलं असतं. पण मांसाचा तुकडा धरून उडणं हे काही टिटवीचं काम नव्हे. ती किडेमुंग्या वेचणारी. (महाराज, चूकभूल क्षमा करा, पण पाखरांचा नाद लागला की असलं खुसपट सुचतं.) कुरर म्हणजे बहुधा मासे मारणारी ती घार, इंग्रजीत जिला ऑस्प्रे म्हणतात. हिवाळ्यात ती उजनीवर येते. पायात मासा धरून चाललेली आणि दोन घारी मागे लागलेल्या, असं मी स्वतः पाहिलं आहे. अवधूतांच्या कुररानं तुकडा टाकला आणि तो सुखी झाला. फोटोवाल्यांच्या पायातला मासा कोणता, तर 'असा फोटो दुसऱ्याकडे नाही' हा. कुणाला घुबडाची ढोली सापडली की फोनवरून ठिकाण फिरतं आणि चौथ्या दिवशी झाडाखाली वीस माणसं उभी. कुणी आडवी येणारी फांदी मोडतो. कुणी फोनवर नराचा आवाज वाजवून पाखराला बाहेर काढतो. आपल्या हद्दीत दुसरा आला म्हणून ते कावरंबावरं होऊन धावत येतं. पारध्याच्या गाण्याला भुललेलं हरीणही त्या चोविसांतच आहे.

मग कॅमेरा विकून टाकला का, असं कुणी विचारील. नाही. सौ. म्हणाल्या होत्या, द्या देऊन. दोन महिने कपाटात ठेवलाही. पण पाखरं बघायला बाहेर पडणं सुटेना, आणि खरं सांगायचं तर कॅमेऱ्यानंच मला बघायला शिकवलं होतं. टिटवीच्या डोळ्यापुढचा तो लाल पडदा मी साठ वर्षांच्या आयुष्यात कधी नीट पाहिला नव्हता. तेव्हा कॅमेरा ठेवला. घरट्याचे फोटो सोडले. पाखरानं चरणं थांबवून मान वर केली की मी थांबतो, ओरडलं की मागे फिरतो. कधी विसरतो, कधी दोन पावलं जास्त जातो. जुनी खोड आहे.

बैठकीतला तो फोटो अजून तिथंच आहे. काढून ठेवणं सोपं झालं असतं. कुणी वाहवा केली की आता वरची सगळी हकिगत ऐकावी लागते, त्यामुळे वाहवा करणारे कमी झाले आहेत.

गेल्या पौषात कुंभारगावला होडीतून गेलो होतो. रोहितांचा थवा उथळ पाण्यात चरत होता. पूर्वी अशा वेळी मीच नावाड्याला म्हणायचो, जरा जवळ घे, उडू दे, पंखांतला लाल रंग दिसला पाहिजे. आणि वर पन्नास रुपये द्यायचो. त्याचंही पोट त्यावर, त्याला काय बोलणार? त्यानं सवयीनं विचारलं, "काका, उडवू का?" म्हटलं, "नको. वरचे पन्नास तेवढेच घे." त्यानं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं, बांबू आडवा ठेवला आणि तंबाखू मळायला घेतली. अर्धा तास आम्ही तिथंच बसलो. रोहित पाण्यात मुंडी उलटी घालून चरत राहिले. तसेच पाचसहा फोटो काढले आणि मुलाला पाठवले. त्याचा फोन आला, "बाबा, यात एकाचंही तोंड दिसत नाही."