अंतर आणि दुरावा

शाळेत सौरमालेचा धडा शिकून आलेले मूल एखाद्या रात्री जपमाळेनंतर विचारते, "एवढ्या मोठ्या विश्वात देवाला आपण दिसत तरी असू का?" मुलाला गप्प बसवणे सोपे असते. पण प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. घरात मृत्यू झाला की मोठी माणसेही तोच प्रश्न विचारतात. फक्त मोठ्याने नव्हे.

आधी पसारा पाहू. कोल्हापुरात बिंदू चौकात एक मीटर व्यासाचा गोळा ठेवून त्याला सूर्य मानले, तर पृथ्वी म्हणजे सुमारे १०७ मीटरांवरचा वाटाण्याएवढा दाणा. गुरू ५६० मीटरांवर, शनी किलोमीटरभर अंतरावर. नेपच्यून गाठायला रंकाळा मागे टाकून सव्वातीन किलोमीटर चालावे लागेल. मधली जागा जवळजवळ सगळी रिकामी. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा या मापाने सुमारे २९ हजार किलोमीटरांवर येतो, आणि पृथ्वीच्या पाठीवर कोल्हापूरपासून इतके दूर ठिकाणच नाही!

आठव्या स्तोत्राच्या कर्त्याला यांतला एकही आकडा ठाऊक नव्हता. तरीही चंद्रतारे पाहून, देव मर्त्य मानवाची आठवण का ठेवतो, याचे त्याला नवल वाटले. तो 'का' विचारतो. 'ठेवतो की नाही' असे विचारत नाही. आकाराने लहान ते मोलाने क्षुद्र, हा हिशेब आपला आहे, खगोलशास्त्राचा नव्हे. नेपच्यूनचे वस्तुमान पृथ्वीच्या सतरा पट आहे. म्हणून तो सतरा पट मोलाचा, असे कोणी म्हणत नाही.

अंतराचा दुसरा धडा कोल्हापूरकरांना आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या मंदिरात मिळतो. जानेवारी-फेब्रुवारीच्या संधीला आणि पुन्हा नोव्हेंबरात अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे पश्चिमेच्या महाद्वारातून आत शिरतात आणि मूर्तीच्या चरणांपासून मुखाकडे चढतात. सुमारे १५ कोटी किलोमीटरांची वाट हा प्रकाश आठ मिनिटे वीस सेकंदांत चालून येतो. मंदिर बांधणाऱ्यांनी सूर्याची चाल किती बारकाईने पाहिली असेल! अलीकडच्या काळात मात्र ही किरणे काही वर्षी मूर्तीपर्यंत पुरती पोहोचली नाहीत. कधी ढग किंवा धूळ आड आली, तर कधी वाटेवरची वाढीव बांधकामे. १५ कोटी किलोमीटर न अडलेला प्रकाश शेवटच्या काहीशे फुटांत अडला.

मुलाला सांगायचे ते मला येथे सापडते. अंतर निसर्गाचे असते, दुरावा माणसाचा. चांगल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यातील याजक जखमी वाटसरूपासून किती लांब होता? रस्त्याच्या रुंदीइतका. वडिलोपार्जित जमिनीवरून कोर्टात गेलेले दोन भाऊ मिस्साला एकाच बाकावर बसतात. शांतीची खूण करायची वेळ आली की दोघांची तोंडे दोन दिशांना.

मृत्यू झालेल्या घराला एवढे उत्तर पुरणार नाही, हे खरे. तेथे पहिल्या आठवड्यात माणसांची रीघ असते. महिन्याभराने मात्र त्या दाराकडे आपली पावले वळत नाहीत, आणि ते घर बहुतेकदा आपल्याच गल्लीत असते.