खाली आणण्याचं इंधन

पंचवटीत गोदावरीच्या रामकुंडावर लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात. इथल्या अस्थिविलय तीर्थात त्या विरघळतात, अशी श्रद्धा. गणेशोत्सवानंतर मात्र प्लास्टरच्या मूर्ती याच गोदावरीला दाद देत नाहीत. आकाशाबद्दल आपली समजूत अजून तशीच भाबडी आहे: वर गेलेलं तिकडेच विरून जाईल.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरी गावात आकाशातून धातूचं कडं पडलं. व्यास सुमारे ३ मीटर, वजन ४० किलोच्या आसपास. तज्ज्ञांनी ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचं ठरवलं. मोकळ्या जागेत पडलं म्हणून निभावलं. कडं सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात जमा झालं. मालक परदेशात, पंचनामा आपल्याकडे! जमिनीवर झालेल्या नुकसानीची जबाबदारी उड्डाण करणाऱ्या देशाची, असा आंतरराष्ट्रीय करार १९७२चा आहे. पण भरपाई कुणाचं घर मोडल्यावरच मिळणार.

याउलट इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी केलेलं काम पाहा. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स-१ हा सुमारे १००० किलोचा उपग्रह २०११मध्ये सोडला होता. काम संपलं, पण टाकीत सुमारे १२५ किलो इंधन उरलं होतं. तसाच सोडला असता तर तो शंभराहून अधिक वर्षं घिरट्या घालत राहिला असता. ऑगस्ट २०२२पासून टप्प्याटप्प्याने त्याची कक्षा खाली आणली. शेवटच्या दिवशी दोनदा, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटं, चार छोटी इंजिनं चालवली. एकेकाचा जोर ११ न्यूटन, म्हणजे जेमतेम किलोभर वजन पेलण्याइतका. तेवढ्यावर उपग्रह दाट हवेत शिरला आणि जे जळलं नसेल ते प्रशांत महासागराच्या निर्जन भागात गेलं. गंमत म्हणजे, असं उतरवण्यासाठी तो मुळात बनवलेलाच नव्हता. इंधन उरलं, हे नशीब. ते कारणी लावलं, हे कौशल्य.

समुद्रात टाकणं हाही निर्दोष उपाय नव्हे. उपग्रह जळताना ॲल्युमिनियमचे कण वरच्या हवेत राहतात. तरी आज माणसांच्या डोक्यावर पडण्यापेक्षा हे बरं.

अडचण पैशांची आहे. उतरवण्यासाठी राखलेलं इंधन म्हणजे उपग्रहाचं कमी झालेलं आयुष्य, आणि कुठल्या कंपनीला ते आवडेल? म्हणून हे सद्भावनेवर सोडू नये. इस्रोने २०३०पर्यंत कचरामुक्त मोहिमांचं उद्दिष्ट ठेवलंय. ते खासगी कंपन्यांनाही सक्तीचं करावं. परतीचं इंधन दाखवता येत नसेल, तर मोठ्या उपग्रहाला उड्डाणाची परवानगीच देऊ नये.