उसनी बाजू

स्वतःला न पटलेली बाजू जीव तोडून मांडणे, हा खोटेपणा नव्हे काय? केळव्याच्या सुरूबनात कायदा शिकणारी आमची मुले अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेची तालीम करतात, तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात येतो. सकाळचा फिर्यादीचा वकील सायंकाळी आरोपीसाठी तितक्याच पोटतिडकीने बोलतो! पण मला तो खोटेपणा वाटत नाही. पुरावा न वाकवता दुसऱ्याचे म्हणणे मांडता येणे, ही न्यायबुद्धीची पहिली पायरी होय.

धोका निराळाच आहे. तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकात असाच खेळ रंगता रंगता बेणारेबाईंचे खरे आयुष्य चव्हाट्यावर येते. खेळणाऱ्यांना आरोपी दिसतो, माणूस दिसत नाही. वक्तृत्व तालमीने येते. पिंजऱ्यातल्या माणसाविषयीची कणव मात्र घरूनच न्यावी लागते.